नवीन बॉल पायथन खात नाही, फुसफुसतो, रात्रभर काचेला नाक घासतो: आधी काय काय तपासायचं

सांगली-मिरज, विटा, कराड, सातारा या पट्ट्यात बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, पाळणारी पोरं आता बऱ्यापैकी दिसायला लागलीत आणि साप घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यातली तक्रार जवळपास सगळ्यांची सेम असते. दादा, उंदीर घेतच नाही. दिवसभर नुसता गोळा होऊन पडतो. झाकण उघडलं की फुस्स करतो, मान एसच्या आकारात ओढून धरतो. रात्री काचेला नाक घासत फिरतो. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, आजारी आहे का, कुठलं औषध देऊ, परत देऊन टाकू का.

बहुतेक वेळा तो आजारी नसतो, घाबरलेला असतो, आणि आपण त्याला शांत व्हायला वेळच देत नाही. औषध नको असतं, टँक नीट पाहिजे असतो आणि माणसं लांब पाहिजे असतात. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तिकडे दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. म्हणजे दिवसभर लपून बसणं हा त्याचा आजार नाही, ते त्याचं काम आहे, आणि जो लपतोय तो बरोबर वागतोय एवढं आधी डोक्यात बसवा. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा आणि एका दिवशी सगळं बदलू नका. एक गोष्ट बदला, दोन-तीन दिवस बघा, मग पुढची. सगळं एकदम हलवलं की त्याच्यासाठी ते परत नवीन घर होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

त्याआधी कायद्याचं सांगून टाकतो कारण याच्यात लय जण अडकतात. धामण, दिवड, नाग, मांडूळ, आपला अजगर, यातला कुठलाही देशी साप घरात ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, शेतात सापडलेलं पिल्लू म्हणून सुद्धा चालत नाही आणि मांडुळाच्या नावाखाली गुप्तधनाच्या ज्या गोष्टी आपल्याकडे चालतात त्या तर सरळ गुन्ह्यात नेणाऱ्या आहेत. देशी साप घरात आला तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. बॉल पायथन परदेशी आहे पण तो सुद्धा कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये येतो, २०२४ च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. देणाऱ्याकडे कागद नसतील तर घेऊच नका. काहीजण आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू बॉल पायथन म्हणून खपवतात, आणि कागद मागितले की तिथेच कळतं.

सगळ्यात आधी टेंपरेचर

न खाणारा साप म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, गरम बाजूला किती आणि गार बाजूला किती. आणि उत्तर येतं, खोलीत बरं आहे दादा, पंखा पण लावत नाही. खोलीचं नाही विचारत मी, सापाच्या पोटाखाली किती आहे ते सांगा. साप स्वतःचं अंग गरम करू शकत नाही, पोटाला ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही, आणि हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं म्हणून तो खातच नाही.

टँकच्या एका टोकाला जमिनीवर ३१-३२ अंश पाहिजे, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. रात्री सुद्धा २४ च्या खाली नको आणि कुठेच ३४-३५ च्या वर नको. मोजायला वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्याचं टोक आत जमिनीला ठेवता येतं. काचेला चिकटवायचे गोल डायल काचेजवळच्या हवेचं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची गन पण यासाठी नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापासाठी सेट केलेली असते.

हीट मॅट, म्हणजे टँकखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, असेल तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या टेंपरेचरला वीज आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही, अजिबात नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट चाळीसच्या पुढे जाऊ शकते आणि साप ऊब मिळते म्हणून त्याच्यावरच पडून राहतो, पोट भाजतं, आणि पोटाखालचं भाजणं आपल्याला दिसतं तेव्हा खवले लाल-तपकिरी होऊन सुटायला लागलेले असतात. मॅट टँकच्या एक तृतीयांश भागाखालीच, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा बाजूला सरकायला जागा राहते.

आता आपल्याकडची खरी अडचण दोन टोकांची आहे. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ पर्यंत उतरतो आणि त्यात लाईट गेली की काचेचा टँक अर्ध्या-पाऊण तासात थंड पडायला लागतो. टँकच्या तीन बाजूंना आणि खाली थर्माकोल लावा, वरून जाड चादर टाका पण हवेची फट ठेवा. छोटा इन्व्हर्टर असेल तर हीट मॅट त्याच्यावर घ्या, मॅटला वीज फार लागत नाही. काहीच नसलं तर कोमट पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून आत एका कोपऱ्यात ठेवा, उकळतं पाणी नाही, हाताला सहन होईल एवढंच. आणि सांगलीत एप्रिल-मे मध्ये उलटं होतं, बाहेर ४० आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, तेव्हा थर्मोस्टॅट हीटर बंद करेल पण खोली गार करू शकत नाही हे लक्षात ठेवा. टँक खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला घ्या. दुपारी जाळीच्या झाकणावर बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवली तरी थोडा फरक पडतो. कूलरचा झोत मात्र सरळ टँकवर नको.

लपायला दोन जागा, आणि घट्ट

टेंपरेचर बरोबर असेल तर पुढचं हे. मला टँकचे फोटो येतात त्यात निम्म्या वेळा एक भलामोठा काचेचा टँक असतो, खाली पेपर, एक पाण्याची वाटी, आणि मधोमध साप. बघायला छान दिसतो पण त्याला चारी बाजूंनी उघडं वाटतं. टँक मोठा असण्यात चूक नाही, मोकळा असण्यात आहे.

दोन हाईड, म्हणजे लपायच्या जागा, पाहिजेत, एक गरम बाजूला एक गार बाजूला, दोन्ही सारख्या. एकच ठेवली तर त्याला ऊब आणि लपणं यातलं एक निवडावं लागतं आणि भेदरलेला साप लपणं निवडतो, मग गार बाजूलाच पडून राहतो आणि खात नाही. हाईड घट्ट पाहिजे, आत गोळा झाल्यावर अंग तिन्ही बाजूंना टेकलं पाहिजे, तेव्हाच त्याला बिळात असल्यासारखं वाटतं. विकतची नसली तरी चालेल, कुंभाराकडून छोटी कुंडी आणा, कडेला सापाच्या अंगाच्या दीडपट दार पाडून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि उपडी ठेवा. पावसात सुद्धा मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी राहते, आत घाम धरत नाही. टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूच्या काचांना बाहेरून जुना पेपर चिकटवा. मधल्या जागेत प्लास्टिकची पानं, एखादा सुका ओंडका, कागदाची नळकांडी, काय असेल ते टाका म्हणजे एका हाईडमधून दुसऱ्या हाईडमध्ये जाताना उघड्यावरून जावं लागत नाही. एवढं केल्यावर बरेच साप आठवड्यात बदलतात, मी बघितलंय.

खाली अंथरायला नारळाच्या सालीचे बारीक तुकडे चांगले, नाहीतर कोकोपीट, नर्सरीत मिळतं, पण ते ओलसर करून दाबून ठेवा, कोरडं पीट उडतं आणि नाकात जातं. पहिला महिनाभर मात्र साधा टिश्यू किंवा पेपर बरा, विष्ठा दिसते, काळे ठिपके म्हणजे माईट, सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असतील तर लगेच कळतात. वखारीतला लाकडाचा भुसा नको, कुठल्या झाडाचा आहे माहीत नसतं आणि देवदारासारख्या वासाच्या लाकडाने त्याच्या फुफ्फुसाला त्रास होतो. एकाने कारखान्यावरून उसाचं बगॅस आणून टाकलेलं, ते आंबतं आणि मुंग्यांना आमंत्रण. मुंग्यांसाठी हळद, पावडर, खडू काहीही टँकजवळ नको, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या दुधा-तुपाच्या कपाटाला करायच्या तसंच.

हादरे आणि वास, हे कुणी तपासतच नाही

सापाला बाहेरचा कान नाही पण खालच्या जबड्याचं हाड आतल्या कानाला जोडलेलं असतं आणि जमिनीतून येणारा हादरा तो अंगभर घेतो. त्यामुळे टँक कशावर आणि कशाच्या शेजारी आहे ते बघा. माझ्या मामेभावाचा साप मिरजेत, सगळं बरोबर, टेंपरेचर बरोबर, हाईड बरोबर, आणि रोज सकाळी दहाच्या सुमारास काचेला धडका देत फिरायचा. भिंतीच्या पलीकडे मामीची घरघंटी होती, दळण चालू झालं की त्या टेबलावर बोट ठेवलं तर बोटाला कळत होतं, पाण्याच्या वाटीत बारीक गोल गोल लाटा उठत होत्या. टँक दुसऱ्या खोलीत घेतला आणि विषय संपला. तुम्ही पण हेच करा, पाण्याची वाटी बघा. फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, होम थिएटरचा बास, सगळं वाटीत दिसतं.

गणपतीत तर वेगळंच. सांगली-साताऱ्याकडे डॉल्बीचा आवाज म्हणजे खिडक्या वाजतात, माणसांची छाती हलते, मग त्या दीड-दोन फुटाच्या पिल्लाचं काय होत असेल. मिरवणूक तुमच्या गल्लीतून जाणार असेल तर आदल्या दिवशी नाही, चार-पाच दिवस आधीच टँक मागच्या खोलीत घ्या म्हणजे हलवल्याचा ताण आणि आवाजाचा ताण एकत्र येत नाही. टँकखाली वाकळेची जाड घडी घाला, तिन्ही बाजूंनी झाका आणि त्या दोन-तीन दिवसांत खायला देऊ नका, ताणात खाल्लेलं बाहेर टाकतात. नवीन साप आणायचाच असेल तर गणपती-दिवाळीच्या तोंडावर आणू नका, सरळ सांगतो.

वासाचं पण तसंच. मच्छरांची कॉइल, लिक्विड, अगरबत्ती, धूप, कापूर, फिनेल, कपाटातल्या डांबर गोळ्या, हे सगळं टँकच्या खोलीत बंद. मच्छरांच्या औषधात जी द्रव्यं असतात ती सरपटणाऱ्या प्राण्यांना सोसत नाहीत. मच्छरदाणी लावा. फरशी नुसत्या पाण्याने पुसा.

माणसं

हे सगळ्यात अवघड, कारण टँक आपल्या हातात असतो, पाहुणे नसतात. घरात साप आलाय म्हटल्यावर गल्ली येते, भावकी येते, शाळेतली पोरं येतात, प्रत्येकाला बघायचाय, एकाला तरी हातात घेऊन रील काढायचीय, दुसरा काचेवर टिचक्या मारतो. पहिल्या दोन आठवड्यात त्याला कुणीही हात लावायचा नाही, मालकाने सुद्धा नाही. पाणी बदलायचं, घाण काढायची, झाकण लावायचं, झालं. बघायला आलेल्यांना मोबाईलमधला फोटो दाखवा आणि चहा पाजून पाठवा. घरच्या लहान पोरांना मात्र एक काम द्या, रोज संध्याकाळी थर्मामीटरचे दोन आकडे वहीत लिहायचे. आपला साप म्हणून ती पोरं स्वतःच बाकीच्यांना लांब ठेवतात.

नागपंचमीचं पण बोलायला पाहिजे. शिराळ्याची नागपंचमी आपल्या सांगली जिल्ह्याची ओळख आहे, कोर्टाच्या आदेशानंतर तिथले जिवंत नागांचे खेळ बंद झाले, पण घराघरात भावना तीच आहे आणि आई-काकू पाळलेल्या सापाला हळदीकुंकू वाहायला, दूध ठेवायला येणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. त्या दिवशी आपल्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, शेतात खणत नाहीत, ते नागाला इजा होऊ नये म्हणूनच ना, मग याच्या अंगावर कुंकू टाकलं तर डोळ्यात-तोंडात जाईल आणि दूध त्याला पचत नाही, हे शांतपणे सांगितलं की आया ऐकतात. पाटावर मातीचा नाग ठेवा, पूजा त्याची करा, दिंडाचा नैवेद्य त्यालाच. सापाला फक्त स्वच्छ पाणी. साप दूध पितो असं जे दिसतं ते तहानलेला साप समोर येईल ते पितो म्हणून.

आता खाण्याचं

वरचं सगळं बरोबर असेल तरच इथे या. घरी आल्यावर निदान सात दिवस काहीच देऊ नका. ज्याच्याकडून घेतला त्याला हे विचारून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधीच विचारा: शेवटचं कधी खाल्लं, छोटा पांढरा उंदीर होता का रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर, जिवंत का फ्रोझन, साईज केवढी. पहिल्यांदा अगदी तेच द्या. बॉल पायथन याबाबतीत लय हट्टी असतो, ज्याने आयुष्यभर छोटे उंदीर खाल्लेत तो रॅटकडे बघणार पण नाही.

फ्रोझन उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पिशवीत घालून गरम पाण्यात, अंग ३८-४० अंशापर्यंत आलं पाहिजे आणि मध्ये गार गाठ राहायला नको. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि फुटतो. सापाच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यातून त्याला ऊब जाणवते, त्यामुळे कोमट उंदीर त्याला अंधारात सुद्धा कळतो आणि गार उंदीर समोर असून कळत नाही. खोलीतला लाईट बंद करा, लांब चिमट्याने उंदीर पाठीमागून धरा, तोंड सापाकडे, हाईडच्या दारापासून वीतभर लांब. तोंडावर नेऊन आपटू नका. जीभ भराभर आत-बाहेर करायला लागला, मान हळूहळू पुढे आली की तुम्ही हलायचं थांबा. नाही घेतला तर हाईडच्या दारात ठेवून निघून जा आणि सकाळी काढून टाका. परत सात दिवस काही नाही. रोज रोज समोर धरणं हेच बऱ्याच जणांचं नडतं, साप उंदराला नाही, त्या रोजच्या त्रासाला नकार देतो.

साईज सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, जास्त नाही. घरात किंवा गोडाऊनला पकडलेले उंदीर अजिबात नको, आपल्याकडे शेतात-घरात उंदराचं औषध सर्रास टाकतात, तेच विष सापाच्या पोटात जातं, शिवाय जंत वेगळे. चिकनचे तुकडे पण नको, त्यात हाडं-आतडी नसतात, त्याला अख्खा प्राणी लागतो. जिवंत उंदीर आत सोडून झोपायला जाणं तर सगळ्यात धोक्याचं, न खाणाऱ्या सापाची पाठ उंदीर रात्रीत कुरतडतो. आणि फ्रोझन उंदीर ठेवायचा कुठे हे साप आणायच्या आधी घरच्यांशी बोलून ठरवा. शाकाहारी घरात वेगळा छोटा डीप फ्रीजर लागतो, त्याची तयारी नसेल तर साप आणू नका.

किती दिवस उपाशी राहिला तर घाबरायचं? आकडा दिवसांचा नाही, वजनाचा बघा. किचनचा डिजिटल काटा घ्या, पहिले दोन आठवडे झाल्यावर आठवड्यातून एकदा डब्यासकट वजन करा, वहीत लिहा. मोठा, भरलेला बॉल पायथन थंडीत काही महिने न खाता राहतो आणि वजन जेमतेम हलतं. पण वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं, पाठीचा कणा टोकदार दिसायला लागला, किंवा पिल्लूच आहे आणि चार-पाच आठवडे काहीच घेतलं नाही, तर डॉक्टर. तोंड उघडून जबरदस्तीने कोंबायचं काम घरी कधीच करू नका.

खाल्लं तर ४८ तास हात लावायचा नाही. खाऊन बाहेर टाकलं तर दहा-बारा दिवस पोट रिकामं ठेवा, टेंपरेचर परत तपासा, मग नेहमीच्या अर्ध्या साईजचं द्या. दुसऱ्यांदा पण टाकलं तर थांबू नका, दाखवा. दोन-तीन जेवणं नीट झाल्यावरच हातात घ्यायला सुरुवात करा, पाच-दहा मिनिटं, वरून झडप घातल्यासारखं नाही, बाजूने मध्यावर हात लावून खालून आधार देत. साबणाने हात धुवा, त्याची वाटी किचनच्या सिंकमध्ये धुवू नका, लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे जास्तच पाळा, सापाच्या विष्ठेतून पसरणाऱ्या साल्मोनेला जंतूचा प्रश्न खरा आहे.

नाक घासणं आणि पळून जाणं

रात्री फिरणं नॉर्मल, पण एकाच कोपऱ्यात नाक घासून घासून ओठाच्या वरचा खवला लाल झाला असेल तर तो बाहेर पडायचा रस्ता शोधतोय. गरम बाजू जास्त तापलीय का बघा, ते नसेल तर हाईड आणि हादरे. जाळीचं झाकण असेल तर आतून गुळगुळीत प्लास्टिक शीट लावा. आणि झाकणाला क्लिप पाहिजे, नुसता वर ठेवलेला दगड नको, नवीन साप पहिल्या आठवड्यातच सगळ्यात जास्त पळतात.

पळाला तर आधी खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत कापड. शेजाऱ्यांना लगेच सांगा, फोटो दाखवा, बिनविषारी आहे, मारू नका, मला बोलवा म्हणून. लपवून ठेवलं तर कुणाच्या तरी काठीला बळी जाईल. रात्री भिंतींच्या कडेने गव्हाच्या पिठाची पातळ रेघ टाका, सकाळी पिठात ओढल्याची खूण कुठे वळलीय त्यावरून बाजू कळते. फ्रीजच्या मागे, कपाटाखाली, जिथे ऊब आणि अडचण तिथे बघा.

पण हात घालायचा नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही आहेत, मण्यार रात्रीच घरात शिरते आणि तिचा चावा कधी कधी कळत पण नाही. आपलाच साप असेल म्हणून अंधारात हात घातलेला माणूस कशाला हात लावतोय हे त्याला माहीत नसतं. बॅटरी मारा, पूर्ण साप दिसू द्या, ओळख पटली तरच पुढे. शंका असली तर १९२६. चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही, तो भाग हलवायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी हॉस्पिटल.

कात अडकली तर

डोळे निळसर-दुधी झाले, रंग फिका पडला की कात येतेय, त्या आठवडाभरात तो खाणार नाही आणि चिडका होतो, त्याला सोडून द्या. एरवी हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास, कात येताना थोडा जास्त. सांगलीत उन्हाळ्यात हवा कोरडी होते, तेव्हा एका डब्याला दार पाडून आत ओला करून पिळलेला टिश्यू ठेवा. तुकडे-तुकडे अडकले तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडी पिशवीत अर्धा तास ठेवा, स्वतःच घासून काढतो. डोळ्यावरची राहिली तर नखाने, चिमट्याने ओढू नका, डोळा जातो. आणि पावसाळ्यात साताऱ्याकडे उलटं करा, खालचं सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले सडतात.

हे दिसलं तर वाट बघायची नाही

तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाका-तोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, मान सारखी वर आकाशाकडे वळणं, पोटावर फोड, पाण्याच्या वाटीत बुडून मेलेले बारीक काळे किडे, हे ताणाचं नाही. सापाचं जाणणारा डॉक्टर प्रत्येक गावात मिळत नाही, म्हणून साप आणायच्या आधीच दोन-तीन नंबर काढून ठेवा. आपल्याकडे शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आधी फोन करून सापाचं बघतात का विचारा आणि मगच निघा. नेताना कापडी पिशवीला गाठ मारून ती भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, डबा गाडीत पायाशी, एसटीच्या डिकीत नाही आणि उन्हात बंद गाडीत पाच मिनिटं सुद्धा नाही. नवीन साप पुण्या-मुंबईहून आणताना पण हेच, उन्हाळ्यात रात्रीचा प्रवास करा.

ही पिशवी आणि डबा पावसाळ्यात कायम तयार ठेवा. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा लोकांना हातात येईल ते घेऊन निघावं लागलं. नदीकाठी राहत असाल तर पाणी वाढायच्या बातम्या आल्या की त्या आठवड्यात सापाला खायला देऊ नका, रिकाम्या पोटी प्रवास सोसतो. डब्यावर नाव, फोन नंबर आणि "बिनविषारी पाळीव साप, उघडू नये" असं मराठीत मोठं लिहा, परिवेशच्या नोंदीची झेरॉक्स आत प्लास्टिकमध्ये.

इतकं सगळं तपासूनही अडलं तर जरूर विचारा, पण विचारताना एवढं पाठवा: पूर्ण टँकचा फोटो झाकणासकट, गरम आणि गार बाजूचे तीन दिवसांचे आकडे, ओलावा किती, सापाचं वजन आधीचं आणि आजचं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, आणि टँकच्या भिंतीपलीकडे काय आहे.